भयपट आणि वयाची पायरी

प्रेक्षकाला घाबरविणे हेच ज्याचे इतिकर्तव्य, तो भयपट कोणत्या वयास दाखवावा आणि कोणत्या वयास त्यापासून दूर ठेवावे, हा प्रश्न बोलपटाच्या आरंभकाळापासून परीक्षण मंडळांपुढे उभा आहे. ब्रिटनमधील मंडळाने तर १९३० नंतरच्या दशकात अशा चित्रपटांसाठी ‘एच’ हे स्वतंत्र चिन्ह योजिले आणि १९५१ मध्ये त्याच्या जागी सोळा वर्षांखालील मुलांना मज्जाव करणारे ‘एक्स’ प्रमाणपत्र आणले.

अशी तजवीज नसली म्हणजे काय होते, ते अमेरिकेत दिसले. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्ग येथे प्रथम झळकला, तेव्हा तेथील चित्रव्यवसायाची वयोगटांची पद्धत अमलात येण्यास एक महिना अवकाश होता. त्यामुळे दुपारच्या खेळास आलेल्या लहान मुलांना, मरून पुन्हा उठलेली बालिका आपल्या जन्मदात्रीला तळघरात थापीने भोसकून ठार मारते, हे दृश्य कोणत्याही पूर्वसूचनेवाचून पाहावे लागले. पुढे पद्धत आली, पण तिच्या पायऱ्या विरळ होत्या. पालकांना केवळ सावध करणारा ‘पीजी’ आणि सतरा वर्षांखालील मुलांना वडीलधाऱ्यांवाचून प्रवेश नाकारणारा ‘आर’ यांच्यामध्ये काहीच नसल्याने, १९८४ मध्ये जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपटून काढणारा ‘इंडियाना जोन्स’ आणि स्वयंपाकघरातील भट्टीत प्राणी फुटतो असे दाखविणारा ‘ग्रेमलिन्स’ हे दोन्ही ‘पीजी’तच बसविले गेले. पालकांचा रोष पाहून स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधल्या पायरीची सूचना केली आणि १ जुलै १९८४ पासून ‘पीजी-१३’ सुरू झाला.

आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने ‘यू’ आणि ‘ए’ अशी दोनच दालने दीर्घकाळ चालविली. १९८३ मध्ये ‘यूए’ची भर पडली खरी, परंतु बारा वर्षांखालील सर्व बालके तिने एकाच मापाने मोजली, सहा वर्षांच्या मुलाला अंधारातील पडदा हलला तरी पुरते, तर अकरा वर्षांचा मुलगा त्याच दृश्यास हसतो, हा भेद त्या शिक्क्यात मावत नव्हता. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले, ही दीर्घकाळ रेंगाळलेली सुधारणा सर्वथा स्वागतार्ह होय.

मात्र या अंकांचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. ‘ए’ हा हुकूम आहे: राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’सारख्या ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटास अठरा वर्षांखालील मुलाला आईबापांसोबतही प्रवेश नाही, आणि ‘आमचा मुलगा आहे, आमची परवानगी आहे’ अशी हुज्जत दारावरील कर्मचाऱ्याशी घालणारा पालक कायद्याच्या विरुद्ध बोलत असतो. ‘यूए’चे अंक हा पालकांस दिलेला सल्ला आहे, तेथे निर्णयाचा अखत्यार त्यांच्याकडेच सोपविलेला आहे. कोणते मूल रात्री दिवा मालवू देत नाही, कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, हे मंडळाला कळण्याची सोय नाही. घरच्यांना ते ठाऊक असते. म्हणून वाचकांस एवढीच विनंती की, तिकिटे काढण्यापूर्वी प्रमाणपत्र वाचावे, शक्य तर चित्रपट आधी स्वतः पाहावा, आणि मूल ‘बाहेर जाऊ या’ म्हणाले, तर पैशांचा विचार न करता त्याच क्षणी उठावे.