कोरफडीचा चीक आणि पोटातली मंडळी

धायरी फाट्यावरून गावाकडे निघालात की जरा वर, बाल्कन्यांकडे बघत चाला. तुळस दिसेल, गवती चहा दिसेल, आणि कुठेतरी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली काटेरी कोरफडही दिसेल. तिचा बुळबुळीत गर केसांना लावतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण पान कापल्या कापल्या सालीखालून पिवळा चीक ओघळतो, तो पाहिलाय कधी? आजची गोष्ट त्या चिकाची आहे.

हा चीक कडूजहर असतो. तो वाळवला की काळा बोळ तयार होतो. पोट साफ करायचं हे फार जुनं औषध. आपले वैद्य ते वापरतात, चिनी वैद्यही वापरतात. (तुम्ही मात्र चाखून बघू नका हं! पोटात असा मुरडा येतो की विचारू नका.)

चिकातल्या मुख्य द्रव्याचं नाव बार्बालोइन. आणि खरी गंमत अशी, की हे बार्बालोइन स्वतः पोट साफ करतच नाही! त्याच्या रेणूला साखरेचा एक तुकडा चिकटलेला असतो. तो इतका घट्ट, की आपल्या पाचकरसांना काही तो तोडता येत नाही. न सोललेला नारळ हातात आहे, पण खोबरं मिळत नाही, अशी गत. मग हा नारळ सोलतं कोण? आपल्या आतड्यात राहणारे जीवाणू!

हे कळलं कसं? जपानमधल्या अकाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक झकास प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्या पोटात एकही जीवाणू नव्हता. अशा उंदरांचा पिंजरा, खाणं, पाणी, अगदी हवासुद्धा जंतूविरहित ठेवावी लागते. त्यांना बार्बालोइन दिलं. काहीही झालं नाही! मग दुसऱ्या उंदरांच्या पोटात फक्त एकाच जातीचा जीवाणू सोडला आणि पुन्हा तेच औषध दिलं. या वेळी मात्र उंदरांना सडकून जुलाब झाले. औषध तेच, मात्राही तीच. आणि तो जीवाणू आणला होता कुठून ठाऊक आहे? माणसाच्या शौचातून!

सोनामुखीचंही असंच आहे. रात्री घेतली की तिचा परिणाम सकाळी दिसतो. एवढा वेळ का लागतो? कारण तिच्यातलं द्रव्य जठर आणि लहान आतडं ओलांडून मोठ्या आतड्यापर्यंत पोचावं लागतं. जीवाणूंची सगळ्यात दाट वस्ती तिथेच असते. आपल्या शरीरातल्या जीवाणूंची संख्या साधारण ३८ लाख कोटी आहे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षाही थोडी जास्तच!

खोकल्यावर चघळायला मिळतो तो ज्येष्ठमध तर चिनी वैद्यांचा फार लाडका. त्यांच्या कितीतरी काढ्यांत तो असतोच. त्याची गोडी ग्लिसिरायझिन नावाच्या द्रव्यामुळे येते. या द्रव्याचा रेणू एवढा मोठा, की तो आतड्याच्या भिंतीतून सहसा पलीकडे जात नाही. जीवाणू त्याच्या साखरा कापून टाकतात, तेव्हा कुठे उरलेला भाग रक्तात शिरतो. तोच भाग औषधाचं काम करतो. आणि रोज भरपूर ज्येष्ठमध खाल्ला, तर रक्तदाब वाढवतो तोही हाच भाग.

आता प्रत्येकाच्या पोटातली मंडळी सारखी असतात का? मुळीच नाही! अगदी पुणे जिल्ह्यातच याचा शोध घेतला गेलाय. वढू परिसरातल्या गावांमध्ये शास्त्रज्ञांनी आयुर्वेदाप्रमाणे वात, पित्त आणि कफ प्रकृतीची निरोगी माणसं निवडली आणि त्यांच्या आतड्यातले जीवाणू तपासले. २०१८ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. बरेचसे जीवाणू सगळ्यांमध्ये सारखे होते, पण प्रकृतीनुसार काहींमध्ये फरक सापडला.

शिवाय ही मंडळी कायम तशीच राहतात असंही नाही. आपण काय खातो यावर ती बदलतात. अँटिबायोटिक घेतलं की आजाराच्या जंतूंबरोबर यांच्यातलेही पुष्कळ मरतात. म्हणून वनस्पतींच्या औषधांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हल्ली पानं, मुळं आणि सालींबरोबर माणसांच्या शौचाचे नमुनेही प्रयोगशाळेत मागवतात. मग नळीत एकीकडे काढा, दुसरीकडे जीवाणू घालतात, आणि कोण कोणाला सोलतंय ते बघत बसतात.