एक कादंबरी, एक ललितेतर

सध्या नवं काय वाचावं, असं कोणी विचारलं की मी एक पुस्तक सांगत नाही, दोन सांगतो. एक कादंबरी आणि तिच्या जोडीला त्याच विषयाभोवतीचं ललितेतर पुस्तक. कादंबरी प्रश्न उभे करून निघून जाते. कुतूहल असलेला वाचक मात्र तिथेच उभा राहतो. त्याला पुढे कुठेतरी जायला हवं असतं.

कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घ्या. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला. धरणामुळे गाव उठलं. मागे राहिलेली म्हैस आणायला एक जण पुन्हा त्या ओसाड गावाकडे जातो. एवढीच गोष्ट. पण मधल्या काळात म्हैस रानटी झालेली असते. तिला आता माणूस नको आहे. पुनर्वसन हा शब्द आपण सरकारी कागदावर किती सहज वाचतो! इथे तो त्या जनावराच्या नजरेतून आपल्याकडे बघतो. भाषा कोल्हापूरकडची, डोंगरातली. सुरुवातीची काही पानं शहरी वाचक अडखळतो. खुशाल अडखळा. परिच्छेद मोठ्याने वाचा, अर्थ कानाला आधी लागतो.

ती संपली, की राजेंद्र व्होरा यांचं ‘मुळशी सत्याग्रह’ मिळवा. हे पुस्तक नवं नाही, पण ‘रिंगाण’नंतर ते नव्याने वाचता येतं. मुंबईला वीज हवी होती; त्यासाठी टाटांचं धरण मुळशी खोऱ्यात झालं आणि भातशेती पाण्याखाली जाणार म्हणून १९२१ मध्ये मावळे सत्याग्रहाला बसले. सेनापती बापट त्यांचे पुढारी. धरण झालंच. जमीन कसणारे आणि जमिनीवर कर्ज दिलेले सावकार यांचं हित एक नव्हतं, आणि भरपाईचा प्रश्न आला की ते कसं उघडं पडतं, हे इथे नीट कळतं. शंभर वर्षांनंतरच्या कोणत्याही प्रकल्पाच्या बातमीत मग तुम्ही पैसे नेमके कोणाच्या नावावर जमा झाले, हे आधी शोधाल.

दुसरी जोडी थोडक्यात सांगतो. मनोज बोरगावकरांची ‘नदीष्ट’ : नांदेडची गोदावरी, तिच्यात रोज पोहणारा निवेदक आणि काठावर भेटणारी, समाजाने कडेला टाकलेली माणसं. सोबत मिलिंद बोकील यांचं ‘गोष्ट मेंढा गावाची’. गडचिरोलीतल्या या गावाने आपल्या जंगलावरचा हक्क कसा मिळवला, ते त्यात आहे. नदी आणि जंगल, विषय तंतोतंत जुळत नाहीत, हे मान्य. पण एकात माणूस निसर्गावर जीव लावतो, तर दुसऱ्यात त्यासाठी सभा घेतो, ठराव करतो, कागद सांभाळतो.

चारही पुस्तकं एकदम विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही. गावच्या वाचनालयात मागणीची वही असते. तीत नाव, लेखक आणि प्रकाशक लिहून ठेवा. चार वाचकांनी तेच नाव लिहिलं तर पुढच्या खरेदीच्या यादीत ते पुस्तक यायला मदत होते.