स्मृतीच्या कपाटातला एक खण बदलताना

ऊर्जानगरात राहणाऱ्याला दोन वाक्यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. ‘संच ट्रिप झाला’ आणि ‘संच ओव्हरहॉलला घेतला’. यंत्र दोन्ही वेळा थांबते, पण पहिल्या वाक्यात ते माणसाला थांबवते आणि दुसऱ्यात माणूस त्याला थांबवतो. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची ही वसाहत. पाणी इरई धरणाचे, कोळसा जवळपासच्या खाणींचा, केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॉट. एवढ्या मोठ्या कारखान्यात रोज कुठला ना कुठला भाग बदलावाच लागतो, आणि तरीही वीज जात राहावी लागते. म्हणून अशा केंद्रांत बॉयलरला पाणी पुरवणारा एखादा पंप राखीव असतो. कोळसा दळणाऱ्या मिलपैकी एक दुरुस्तीला काढली, तरी बाकीच्या संच चालवतात. हात लावण्याआधी परमिट घ्यायचे, वीज तोडून कुलूप लावायचे, काम झाल्यावर परमिट परत करायचे, ही इथली रीत.

माझे काम विजेचे नाही, संगणकांवरची माहिती साठवून ठेवणाऱ्या यंत्रणांचे आहे. पण या कामात ऊर्जानगरची रीत मला जितकी उपयोगी पडली, तितके कुठलेच पुस्तक पडले नाही. या लेखात मी अशाच एका कामाबद्दल सांगणार आहे. रॅकमध्ये बसवलेल्या टेप लायब्ररीचे एक मॉड्यूल बदलायचे असते, तेव्हा नेमके काय बदलते आणि काय बदलू द्यायचे नसते?

टेप म्हटले की अनेकांना गाण्यांच्या कॅसेट आठवतात, आणि ‘ते अजून आहे?’ असा प्रश्न येतो. आहे, आणि वाढते आहे. आज सर्वाधिक प्रचलित असलेली एलटीओ ही पद्धत २००० साली आली. तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट माहिती मावत असे. २०२१ मध्ये आलेल्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट, म्हणजे १८० पट, मावते. हातात मावणाऱ्या त्या चौकोनी डबीत अर्धा इंच रुंदीची, किलोमीटरभर लांब फीत गुंडाळलेली असते. एकदा लिहिलेली टेप खणात नुसती पडून असते. तिला वीज लागत नाही. शिवाय ती कुठल्याही संगणकाला जोडलेली नसते, आणि हाच तिचा मोठा गुण. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका दोषामुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतली पत्रे नाहीशी झाली. गूगलकडे त्यांच्या अनेक प्रती होत्या, पण दोष त्या प्रतींपर्यंतही पोचला. पत्रे परत मिळाली ती टेपवरून, कारण तो दोष तिथवर जाऊच शकत नव्हता.

शेकडो टेप हाताने घालणे-काढणे शक्य नाही, म्हणून टेप लायब्ररी. मध्यम आकाराच्या एका प्रचलित रचनेत एक मॉड्यूल रॅकमध्ये सुमारे १३ सेंटिमीटर उंची व्यापते. त्यात ४० टेपांचे खण आणि तीन ड्राइव्ह बसतात. अशी सात मॉड्यूल एकावर एक रचता येतात: २८० टेप, २१ ड्राइव्ह, म्हणजे नवव्या पिढीच्या टेप असतील तर पाच हजार टेराबाइटहून जास्त माहिती. या उतरंडीच्या आतून एकच यंत्रहात वर-खाली फिरतो. तो टेपवरचा बारकोड वाचतो, हवी ती टेप खणातून उचलतो, ड्राइव्हमध्ये घालतो, काम झाले की जागेवर ठेवतो. मुख्य मॉड्यूलमध्ये या सगळ्याचा कारभार पाहणारे नियंत्रण कार्ड असते.

यातले काही भाग लायब्ररी चालू असतानाच बदलता येतात. वीजपुरवठ्याचे संच दोन असतात. एक काढला तरी दुसरा भार घेतो. ड्राइव्हही रिकामा करून, बंद करून तेवढा बाहेर ओढता येतो. पण मॉड्यूलचा सांगाडाच बदलायचा, तर सगळी उतरंड थांबवावी लागते, कारण यंत्रहाताचा रस्ता त्यातून जातो. हा ओव्हरहॉल असतो.

काम पहिला स्क्रू काढण्याच्या बरेच आधी सुरू होते. दोष खरोखर सांगाड्यात आहे की एखाद्या कार्डात, केबलमध्ये, की वाकड्या बसलेल्या टेपमध्ये, हे आधी ठरवायचे. नियंत्रण कार्ड आणि सांगाडा एकाच दिवशी बदलायचे नाहीत, हा माझा नियम. दोन्ही बदलले आणि दोष गेला, तर दोषी कोण ते कधीच कळत नाही. गेला नाही, तर संशयित दुप्पट होतात. मग लायब्ररीची सगळी मांडणी एका फाइलमध्ये उतरवून ती लायब्ररीबाहेर ठेवायची. बॅकअपच्या सॉफ्टवेअरला सांगून नवी कामे थांबवायची, चालू कामे संपू द्यायची, ड्राइव्हमधल्या टेप खणात परत पाठवायच्या. केबलना चिठ्ठ्या बांधायच्या. त्यानंतरच वीज तोडायची.

पुढे टेपांची मॅगझिने बाहेर काढून क्रमाने ठेवायची. एका टेपचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चाळीस टेपांचे आठ किलो. त्या आत ठेवून सांगाडा उचलणे धोक्याचे. मग ड्राइव्ह, वीजपुरवठा, कार्डे काढायची. प्रत्येक भाग कुठल्या जागेवरून काढला त्याची नोंद, कारण तो नेमक्या त्याच जागी परत जायचा आहे. मॉड्यूल मुख्य असेल, तर यंत्रहातही नव्या सांगाड्यात न्यावा लागतो. दोन मॉड्यूलना एका रेषेत धरणारी खिटी मागच्या बाजूला असते. ती सोडवल्याशिवाय मॉड्यूल ओढायचे नाही. ओढायला दोन माणसे हवीत. मॉड्यूल उतरंडीत सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असेल, तर तिथले झाकण काढून नव्यावर बसवायचे. मधल्या मॉड्यूलवर झाकण राहिले, तर यंत्रहाताचा रस्ताच बंद. नवे मॉड्यूल सरकवून खिटी पुन्हा लावली की उरलेले काम उलट्या क्रमाने.

वीज दिल्यावर यंत्रहात प्रत्येक खणापुढे जाऊन बारकोड वाचतो, आपल्या संपत्तीची नव्याने मोजदाद करतो. म्हणून टेप चुकून दुसऱ्या खणात गेली तरी बिघडत नाही. बारकोडच नसेल तर मात्र ती टेप गर्दीत हरवलेल्या मुलासारखी असते.

इथपर्यंतचे काम पाना-पेचकसाचे. खरा नाजूक भाग ओळखीचा आहे. सर्व्हर लायब्ररीशी बोलतो तेव्हा प्रत्येक ड्राइव्हला एका जागतिक क्रमांकाने ओळखतो. चांगल्या लायब्ररीत हा क्रमांक ड्राइव्हचा नसतो, ड्राइव्हच्या जागेचा असतो. आत नवा ड्राइव्ह आला तरी सर्व्हरला तो जुनाच वाटतो. सरकारी कार्यालयात पत्र तहसीलदारांच्या नावे जाते, खुर्चीवर आज कोण आहे हे पत्र लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागत नाही, तसेच हे. म्हणूनच भाग मूळ जागी बसवण्याचा आणि मांडणीची फाइल परत चढवण्याचा एवढा आग्रह. तो पाळला नाही, तर सगळे दिवे हिरवे दिसतात आणि सर्व्हर मात्र म्हणतो, मी यांना ओळखत नाही.

ओळखीहून मोठी गोष्ट सूचीची. टेपवर काय आहे हे टेपच्या पाठीवर लिहिलेले नसते. कोणती फाइल कोणत्या टेपवर कुठे आहे, ही सूची बॅकअपच्या सर्व्हरवर असते. एका कार्यालयात मी पाहिले: लायब्ररी उत्तम, टेप उत्तम, पण जुना सर्व्हर भंगारात देताना सूचीची प्रत कोणी काढली नव्हती. अशा वेळी प्रत्येक टेप पुन्हा वाचून सूची बांधण्याची पाळी येऊ शकते. हिशेब सोपा आहे. नवव्या पिढीची भरलेली टेप सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने वाचली, तरी साडेबारा तास लागतात. चाळीस टेप आणि एक ड्राइव्ह असेल तर पाचशे तास, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. माहिती सांकेतिक करून लिहिली असेल आणि किल्ली हरवली असेल, तर तीन आठवडेच काय, तीन पिढ्याही पुरणार नाहीत.

आमच्या भागात आणखी एक शत्रू आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर जातो, आणि कोळशाची बारीक धूळ वर्षभर असते. टेपच्या दीर्घ साठवणीसाठी साधारण १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली जाते. उन्हातून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालायची नसते; तिला खोलीच्या हवेला रुळू द्यायचे, शक्यतो दिवसभर. मॉड्यूल बदलण्यासाठी मी मे महिना टाळतो, तो यासाठीच.

एवढा खटाटोप कशासाठी? पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झ वारंवारतेवर आकाशाचे सर्वेक्षण केले. कच्ची निरीक्षणे जपलेली होती, म्हणून पुढे वेगळ्या संशोधकांनी नव्या पद्धतीने ती पुन्हा तपासली, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत आकाशाच्या ९० टक्के भागातले सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोत नोंदले गेले. उलट बाजूही पाहा. अपोलो ११ च्या चांद्रावतरणाचे मूळ चित्रसंकेत ज्या टेपांवर होते, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा निष्कर्ष नासाने २००९ मध्ये जाहीर केला. उरल्या त्या प्रसारणाच्या प्रती. त्या टेपांवर धूळ बसली नव्हती, आग लागली नव्हती. त्यांवर काय आहे हे कपाटापुढे उभ्या असलेल्या माणसाला कळले नाही, एवढेच.

आणि हे काम कधी संपत नाही. आठव्या पिढीचा ड्राइव्ह सातव्या पिढीची टेप वाचतो, सहाव्या पिढीची वाचत नाही. टेप तीस वर्षे टिकेल असे सांगतात, पण ती वाचणारे यंत्र तितकी वर्षे बाजारात राहत नाही. म्हणजे दर काही वर्षांनी जुन्या टेपांवरची माहिती नव्या टेपांवर उतरवावी लागते, पोथ्या जीर्ण होण्याआधी त्यांची नवी प्रत करणाऱ्या लेखनिकांसारखी.

म्हणून मॉड्यूल बदलून झाल्यावर मी हिरव्या दिव्यांवर समाधान मानत नाही. कुठलीही एक जुनी टेप निवडतो, तिच्यावरची एक फाइल परत मागवतो, आणि ती जिची आहे त्या व्यक्तीला उघडून पाहायला सांगतो. तिने ‘हो, हीच’ म्हटले की वहीत वेळ लिहून खाली सही करतो. परमिट तेव्हा परत होते.