युद्धकला, शालेय (जपान)

जपानमधील शाळांच्या शारीरिक शिक्षणात समाविष्ट केलेल्या पारंपरिक युद्धकला. त्यांना जपानी भाषेत ‘बुदो’ अशी संज्ञा आहे. ज्यूदो, केंदो (बांबूच्या तलवारीचा खेळ), सूमो, क्यूदो (धनुर्विद्या), नागिनाता (लांब दांड्याच्या पात्याचे शस्त्र), कराटे, आयकिदो इत्यादींचा त्यांत अंतर्भाव होतो. एप्रिल २०१२ पासून कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या पहिल्या दोन वर्षांत सर्व मुलामुलींना बुदो हा विषय सक्तीचा झाला. तथापि या कलांना वर्गात स्थान द्यावे की नाही, हा वाद तेथे सव्वाशे वर्षांहून अधिक जुना आहे.

मेजी राजवटीत सामुराई वर्गाचे विशेषाधिकार संपुष्टात आले. १८७६ मध्ये जाहीरपणे तलवार बाळगण्यास बंदी झाली आणि युद्धकलांच्या आखाड्यांचा आश्रय तुटला. शाळांतील शारीरिक शिक्षण तेव्हा यूरोपीय धर्तीच्या कवायतीवर उभारले जात होते. १८८३ मध्ये शिक्षण मंत्रालयाने केन्जुत्सू (तलवारबाजी) व जुजुत्सू (निःशस्त्र झुंज) या कला शाळेस योग्य आहेत काय, अशी विचारणा शासकीय व्यायामशिक्षण संस्थेकडे केली. १८८४ च्या अहवालात शरीर कणखर होणे, सहनशक्ती वाढणे, मन उत्साही होणे आणि प्रसंगी स्वसंरक्षण करता येणे हे गुण मान्य करण्यात आले. पण दोषांची यादी अधिक लांब होती. शरीराची वाढ समतोल होत नाही, सरावात धोका असतो, सशक्त व अशक्त मुलांना झेपेल असे व्यायामाचे प्रमाण राखणे कठीण जाते, वृत्ती उग्र होऊन केवळ जिंकण्याची ईर्ष्या बळावते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतंत्र लक्ष पुरवावे लागत असल्याने सबंध वर्गाला एकदम शिकविता येत नाही, असे आक्षेप त्यात होते. त्यामुळे हे विषय नियमित पाठ्यक्रमास अयोग्य ठरले. पुढील इतिहास पाहता हा अहवाल दूरदर्शी म्हणावा लागतो.

या आक्षेपांना उत्तर मिळाले ते मुख्यतः अध्यापनपद्धतीत बदल करून. कानो जिगोरो (१८६०–१९३८) यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था स्थापिली. जुजुत्सूतील घातक डाव सरावातून वगळून त्यांनी ज्यूदोची रचना केली आणि सुरक्षितपणे पडण्याच्या तंत्राला (उकेमी) पायाभूत स्थान दिले. तोक्यो उच्च अध्यापक विद्यालयाचे ते प्रदीर्घ काळ प्रमुख असल्याने त्यांचा विचार शिक्षकांमार्फत शाळांत पोहोचला. त्याच विद्यालयात ताकानो सासाबुरो (१८६२–१९५०) यांनी आज्ञेबरहुकूम सबंध वर्गाकडून केंदोचे वार करवून घेण्याची सामूहिक पद्धत रूढ केली. ओकिनावात इतोसू आंको (१८३१–१९१५) यांनी कराटे शाळेत नेताना ‘पिनान’ हे सोपे हालचाल-क्रम रचले. शाळेसाठी कला अशी बदलली, की तिचे स्वरूप झुंजीपेक्षा पाठाच्या अधिक जवळ गेले.

१९११ मध्ये माध्यमिक शाळांना तलवारबाजी व जुजुत्सू शिकविण्याची मुभा मिळाली. १९२६ मध्ये या विषयांना केंदो व ज्यूदो ही नावे देण्यात आली व १९३१ मध्ये मुलांच्या माध्यमिक शाळांत ते सक्तीचे झाले. १९४१ च्या ‘राष्ट्रीय शाळा’ योजनेत प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांपर्यंत बुदो पोहोचले. या काळात उद्दिष्टच पालटले. शरीर व स्वभाव यांच्या जडणघडणीची जागा सैनिकी सिद्धतेने घेतली. अमेरिकी व्याप्तिकाळात, १९४५ च्या अखेरीस, शाळांतील बुदो बंद झाले, ते या कारणानेच. १९५० मध्ये ज्यूदोला पुन्हा परवानगी मिळाली. केंदोला मात्र प्रथम ‘शिनाई क्योगी’ या सौम्य क्रीडाप्रकाराचे रूप घ्यावे लागले (१९५२). १९५८ च्या अभ्यासक्रमात या खेळांना ‘काकुगी’ (झुंजीचे खेळ) म्हटले आहे; बुदो ही संज्ञा १९८९ मध्ये परत आली.

परंपरा व संस्कृती यांविषयी आदर रुजविण्याचा उल्लेख २००६ च्या सुधारित शिक्षणविषयक मूलभूत कायद्यात आला आणि २००८ च्या अभ्यासक्रमाने २०१२ ची सक्ती ठरविली. बहुसंख्य शाळांनी ज्यूदो निवडला, कारण त्यास गणवेश व चटया एवढीच सामग्री पुरते. वर्षाकाठी जेमतेम दहा तासांच्या आसपास वेळ मिळतो. तेवढ्यात पडण्याचे तंत्र अंगवळणी पडणे अवघड. मग परंपरेचा परिचय कितपत होणार, हा प्रश्नच आहे.

सक्तीच्या सुमारास एक गंभीर बाब पुढे आली. १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शालेय ज्यूदोमध्ये शंभराहून अधिक विद्यार्थी मृत्युमुखी पडले होते. बहुतेक घटना पाठ्यतासांतील नसून शाळेच्या क्रीडामंडळांतील होत्या, आणि बळी पडलेल्यांत नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते. ओसोतो-गारी या डावात प्रतिस्पर्ध्याचा पाय मागून उडवून त्यास पाठीवर पाडतात. मान आवरता न आल्यास डोके झटक्याने मागे जाते आणि मेंदूवरील शिरा फाटून कवटीत रक्तस्राव होतो. डोके जोरात आपटलेच पाहिजे असेही नाही. डोकेदुखीची तक्रार करणाऱ्या मुलास पुन्हा सरावास उभे केल्यास इजा प्राणघातक ठरू शकते. मार्च २०१२ मध्ये मंत्रालयाने ज्यूदोच्या सुरक्षित अध्यापनाविषयी मार्गदर्शिका काढली व अनेक शिक्षकांना अल्पमुदतीचे प्रशिक्षण देण्यात आले. फ्रान्समध्ये ज्यूदो खेळणाऱ्यांची संख्या जपानहून जास्त असूनही मुलांच्या मृत्यूंची अशी मालिका तेथे आढळलेली नाही. तेथे १९५५ च्या कायद्यापासून ज्यूदो-शिक्षकाला शासकीय पात्रता आवश्यक आहे. तेव्हा दोष खेळापेक्षा अध्यापनाचा अधिक आहे, असे मानण्यास आधार आहे.

२०१७ च्या अभ्यासक्रमात जुकेंदो (संगीनीसारख्या लाकडी शस्त्राचा खेळ) याचे नाव आल्याने युद्धपूर्व काळाच्या आठवणीने टीका झाली. प्रत्यक्षात तो खेळ फारच थोड्या शाळांत शिकविला जातो. २०२२ मध्ये अखिल जपान ज्यूदो संघाने प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. कोवळ्या वयात केवळ विजयावर भर दिला जातो, हे तिचे कारण होते. १८८४ च्या अहवालातील आक्षेपांत तेही होते.