ॲरेमधून यादृच्छिक निवड

ॲरेमधून यादृच्छिक निवड ही संगणक प्रोग्रॅमिंगमधील एक मूलभूत क्रिया आहे. ॲरेमध्ये क्रमाने साठवलेल्या घटकांपैकी एक किंवा अनेक घटक, कोणत्याही घटकाला झुकते माप न देता उचलणे, असे तिचे स्वरूप असते. पत्त्यांचे खेळ, प्रश्नपेढीतून प्रश्नपत्रिका तयार करणे, सर्वेक्षणासाठी नमुना घेणे, तसेच महाराष्ट्रातील म्हाडाच्या घरांसारख्या संगणकीय सोडती यांच्या मुळाशी हीच क्रिया असते. निवड यादृच्छिक दिसणे आणि ती समसंभाव्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदोष प्रोग्रॅमचे उत्तरही वरवर पाहता यादृच्छिकच वाटते, त्यामुळे त्यातील पक्षपात सहजासहजी लक्षात येत नाही.

एका घटकाची निवड

बहुतेक भाषांमध्ये ॲरेचे निर्देशांक शून्यापासून सुरू होतात. पाच घटकांच्या ॲरेचे निर्देशांक ० ते ४ असतात. अनेक भाषांतील यादृच्छिक फंक्शन ० किंवा त्याहून मोठी, परंतु १ पेक्षा लहान अशी दशांश संख्या देते. या संख्येला घटकांच्या संख्येने, म्हणजे ५ ने गुणून अपूर्णांकाचा भाग सोडून दिल्यास ० ते ४ यांपैकी एक निर्देशांक मिळतो आणि प्रत्येकाची संभाव्यता १/५ राहते.

याऐवजी ४ ने गुणून उत्तर जवळच्या पूर्णांकात बदलल्यास निर्देशांक ० ते ४ च मिळतात, मात्र पहिल्या व शेवटच्या घटकाची संभाव्यता प्रत्येकी १/८ आणि मधल्या तिघांची प्रत्येकी १/४ होते. म्हणजेच कडेच्या घटकांना निम्मीच संधी मिळते.

पूर्णांक संख्येला भागून बाकी घेण्याच्या पद्धतीतही असाच दोष संभवतो. ० ते २५५ या २५६ संख्यांपैकी एक घेऊन तिला १० ने भागल्यास ० ते ५ या बाक्या प्रत्येकी २६ वेळा, तर ६ ते ९ या बाक्या प्रत्येकी २५ वेळा येतात. २५० ते २५५ यांपैकी संख्या आल्यास ती टाकून नवी संख्या घेतली, की हा दोष दूर होतो.

अनेक घटकांची निवड

अनेक घटक हवे असल्यास एकच घटक पुन्हा निवडला जाऊ शकतो की नाही, हे आधी ठरवावे लागते. फासा दहा वेळा टाकण्यात पुनरावृत्ती चालते. सोडतीत एकाच अर्जाला दोन घरे देता येत नाहीत. पायथॉन भाषेच्या ‘रँडम’ या मॉड्यूलमध्ये एका घटकासाठी ‘चॉइस’, पुनरावृत्तीसह निवडीसाठी ‘चॉइसेस’, पुनरावृत्तीविना निवडीसाठी ‘सॅम्पल’ आणि संपूर्ण ॲरेचा क्रम बदलण्यासाठी ‘शफल’ ही फंक्शने आहेत.

ॲरेची लांबी आधी ठाऊक नसल्यास आणि घटक एकामागून एक येत असल्यास, पहिला घटक हाती ठेवला जातो. दुसरा घटक १/२, तिसरा १/३, चौथा १/४ अशा संभाव्यतेने हातातील घटकाची जागा घेतो. प्रवाह कोठेही थांबला, तरी तोवर आलेल्या प्रत्येक घटकाची संधी समान असते.

फिशर–येट्स पद्धत

पुनरावृत्तीविना निवडीची प्रसिद्ध रीत रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी १९३८ साली आपल्या सांख्यिकीय कोष्टकांच्या पुस्तकात दिली. ती कागद-पेन्सिलीसाठी होती: उरलेल्या संख्यांपैकी एक यादृच्छिकपणे निवडायची, ती खोडायची आणि नव्या यादीत लिहायची. १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी तिचे संगणकासाठी सोयीचे रूप प्रसिद्ध केले. त्यात खोडण्याऐवजी अदलाबदल केली जाते, त्यामुळे वेगळी यादी लागत नाही आणि कामाचे प्रमाण घटकांच्या संख्येइतकेच राहते. डोनाल्ड क्नूथ यांच्या ग्रंथामुळे ही रीत सर्वत्र परिचित झाली.

उदाहरणार्थ, आंबा, केळे, पेरू, चिकू असा ॲरे घेऊ.

१. चारही घटकांतून एक निवडून त्याची चौथ्या स्थानाशी अदलाबदल करावी. केळे निवडले गेल्यास: आंबा, चिकू, पेरू, केळे.
२. पहिल्या तिघांतून एक निवडून तिसऱ्या स्थानाशी अदलाबदल करावी. आंबा आल्यास: पेरू, चिकू, आंबा, केळे.
३. पहिल्या दोघांतून एक निवडून दुसऱ्या स्थानाशी अदलाबदल करावी. चिकूच आल्यास क्रम तसाच राहतो.

निवडीचे एकूण मार्ग ४ × ३ × २ = २४ आणि चार घटकांचे संभाव्य क्रमही २४. प्रत्येक क्रमाकडे नेमका एकच मार्ग जातो, म्हणून सर्व क्रम समसंभाव्य ठरतात. केवळ दोनच घटक हवे असल्यास दोन पायऱ्यांनंतर थांबून शेवटची दोन स्थाने घेतली तरी पुरते.

नेहमी आढळणाऱ्या चुका

प्रत्येक पायरीला उरलेल्या घटकांऐवजी संपूर्ण ॲरेमधून निवड केल्यास समतोल बिघडतो. तीन घटकांसाठी असे मार्ग ३ × ३ × ३ = २७ होतात; क्रम मात्र ६ च असतात. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नसल्याने सर्व क्रमांना समान वाटा मिळणे अशक्य असते. प्रत्यक्षात तीन क्रमांची संभाव्यता ५/२७ आणि उरलेल्या तिघांची ४/२७ असते.

क्रमवारी लावणाऱ्या फंक्शनला तुलनेचे यादृच्छिक उत्तर देणे ही दुसरी चूक होय. २०१० साली युरोपातील विंडोज वापरकर्त्यांना ब्राउझर निवडण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दाखवलेल्या पडद्यावर ब्राउझरांचा क्रम याच पद्धतीने ठरवला जात होता. तो समसंभाव्य नसल्याचे उघड झाल्यावर मार्च २०१० मध्ये दुरुस्त करण्यात आला.

यादृच्छिक संख्यांचा स्रोत

संगणक सामान्यतः एका बीजसंख्येपासून गणिताने पुढील संख्या काढतो. त्यांना छद्म-यादृच्छिक संख्या म्हणतात. बीज तेच असेल, तर निवडही तीच होते. ५२ पत्त्यांचे क्रम सुमारे ८ वर ६७ शून्ये इतके आहेत; ३२ बिटांच्या बीजातून मात्र फार तर ४,२९,४९,६७,२९६ क्रम निघू शकतात. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकर खेळाच्या प्रोग्रॅममध्ये बीज मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतले जात असल्याचे सुरक्षा संशोधकांना आढळले. दिवसात ८,६४,००,००० मिलिसेकंद असतात. घड्याळाच्या वेळेचा अंदाज घेऊन शक्यता आणखी कमी करता येत होत्या आणि समोरच्याचे पत्ते ओळखता येत होते. म्हणून पैसा, पासवर्ड किंवा सोडत यांसाठी पायथॉनमधील ‘सीक्रेट्स’सारखे सुरक्षित स्रोत वापरले जातात.

पडताळणी

तीन घटकांची फेरमांडणी ६,००,००० वेळा करून प्रत्येक क्रम मोजल्यास योग्य पद्धतीत प्रत्येकाची संख्या १,००,००० च्या आसपास येते. वर दिलेल्या पहिल्या सदोष पद्धतीत ती तीन क्रमांसाठी सुमारे १,११,१११ आणि उरलेल्यांसाठी सुमारे ८८,८८९ येते. एखाद्या निकालाकडे पाहून हा फरक कळत नाही. मोजणीतून तो स्पष्ट होतो. मात्र बीजाचा अंदाज बांधता येण्याचा दोष अशा मोजणीतून उघड होत नाही. त्यासाठी संख्यांचा स्रोतच तपासावा लागतो.