जमीन थांबते, अंग हलत राहते

३० सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी दीडच्या सुमारास मेळघाटातील जमीन हलली. चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील गावांपासून खाली अचलपूर-परतवाड्यापर्यंत लोक घराबाहेर आले. भूकंपाची तीव्रता ४.२ नोंदवली गेली. हादरा काही सेकंदांचा होता, पण त्यानंतर कोणाला रात्रभर झोप लागत नाही, कोणाचा बीपी वाढतो, कोणाला बसल्या जागी खाट हलल्यासारखी वाटते. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्याला घरचेच ‘भीती बसली’ म्हणून गप्प करतात. भीती असतेच, पण तेवढेच नसते.

तारीख अनेकांच्या लक्षात आली. बरोबर ३१ वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना सुमारे आठ हजार माणसे ढिगाऱ्याखाली गेली. तारखेचा हा निव्वळ योगायोग आहे. किल्लारीची तीव्रता साधारण ६.२ होती. ४.२ आणि ६.२ मध्ये फरक दोनचाच दिसतो, पण या मोजमापात एका अंकाने ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. म्हणजे किल्लारीचा धक्का जवळपास हजारपट मोठा होता.

मेळघाटला हे नवे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये धारणी तालुक्यातील साद्राबाडी परिसरात दिवसेंदिवस लहान हादरे बसत होते आणि जमिनीखालून गडगडाट ऐकू येत होता. लोक हादऱ्यापेक्षा आवाजालाच जास्त घाबरले. त्याचे कारण साधे आहे. हादरे फार खोलवरून न येता वरच्या थरातून येतात, तेव्हा त्यांतील जलद कंपने विरून न जाता जमिनीपर्यंत पोहोचतात आणि हवेत शिरली की आवाज होऊन कानावर पडतात. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याने गाविलगडचा भ्रंश गेलेला आहे, म्हणजे खडकातली जुनी, लांबच लांब भेग. मोर्शी तालुक्यातील सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे याच पट्ट्यात आहेत. पावसाळ्यात भेगांमधून खोल मुरणारे पाणी अशा छोट्या हादऱ्यांना निमित्त होते, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आता शरीराकडे येऊ. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि चुन्याच्या बारीक खड्यांच्या दोन पिशव्या असतात. डोके किती, कुठे हलले हे त्या मेंदूला कळवतात. डोळे सांगतात घर स्थिर आहे, पाय सांगतात जमीन सरकली, कान तिसरेच सांगतो. या गोंधळाने मळमळते, डोके गरगरते. चिखलदऱ्याच्या घाटात ‘गाडी लागते’ तशी इथे जमीन लागते. हादऱ्यांच्या मालिकेत मेंदू इतका सावध होतो की जमीन शांत असतानाही ‘आत्ता हलली’ असा निरोप देतो. जपानमध्ये यासाठी ‘जिशिन-योई’ असा शब्दच आहे, भूकंपाची गुंगी असा त्याचा अर्थ. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथे ही तक्रार फार ऐकू आली.

उपाय घरगुती आहे. जमिनीवर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. पाणी स्थिर असेल तर जमीन स्थिर आहे. खाली बसून दूरच्या न हलणाऱ्या वस्तूकडे, झाडाकडे किंवा मंदिराच्या कळसाकडे पाहावे. बहुतेकांची गरगर काही दिवसांत ओसरते. मात्र चक्कर येताना बोबडी वळत असेल, एक हात-पाय लुळा पडत असेल किंवा एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर भूकंपाला दोष देत बसू नये, लगेच १०८ ला फोन करावा. तो पक्षाघात असू शकतो.

हृदयाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे साडेचारला लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. तिथे आधीच्या आठवड्यात हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू दिवसाला सरासरी चार-पाच होते, त्या दिवशी ते २४ झाले. झोपेतून दचकून उठताना अॅड्रेनालिन उसळते, ठोके आणि रक्तदाब एकदम चढतात आणि आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला तो ताण झेपत नाही. मेळघाटातले हादरे त्या मानाने किरकोळ, पण धडकी भरायला मोठा भूकंप लागत नाही. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन घराबाहेर पडताना हाताशी असावे. धावपळीत औषध चुकणे हे नेहमीचे आणि टाळता येणारे नुकसान आहे.

छोट्या हादऱ्यांत घरे सहसा पडत नाहीत, इजा होते ती पळताना. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात २०१८ च्या अखेरीस अशीच मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तिथे दोन वर्षांची एक मुलगी धावाधावीत पडून डोक्याला मार लागल्याने दगावली.

मग करायचे काय? मोबाइलवर फिरणारा ‘टेबलाखाली बसा’ हा सल्ला जपानी किंवा सिमेंटच्या घरासाठी ठीक आहे. सल्ला जागेप्रमाणे बदलतो. अंदमानसारख्या बेटावर मोठा धक्का बसला की उंचावर जायचे असते, कारण मागून समुद्र येतो. २६ डिसेंबर २००४ ला लिटल अंदमानच्या ओंगे लोकांना हेच परंपरेने ठाऊक होते आणि ते वाचले. वऱ्हाडात घर पाहून ठरवावे. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर धाब्याचे ओझे, हीच रचना किल्लारीला जीवघेणी ठरली. अशा घरात दार जवळ असेल तर लेकराला उचलून चटकन बाहेर पडावे. कोरकूंची लाकडी खांबांची, कुडाच्या भिंतींची घरे हलकी आणि लवचिक असतात, तिथे धोका वरून घसरणाऱ्या कवेलूंचा.

बाहेर झोपणाऱ्यांनी मात्र सापाचा विचार आधी करावा. पावसाळ्यात अंगणात सतरंजी टाकून झोपणाऱ्याला मण्यार चावते तेव्हा बहुधा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. मेळघाटात अशा वेळी भूमकाला बोलावतात. त्याला सोबत गाडीत बसवावे, पण गाडी दवाखान्याकडेच वळवावी, प्रतिविष तिथे मिळते. खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने साप आणि मलेरिया दोन्ही बरेचसे टळतात.

महिना उलटला तरी झोप येत नसेल, मूल पुन्हा अंथरूण ओले करत असेल, घरात पाय ठेवायला माणूस धजत नसेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीत बोलता येते.

राहिला प्रश्न भिंतीच्या भेगांचा. अकोला, दर्यापूर भागात पूर्णेचा गाळ खोलवर आहे आणि अशी मऊ जमीन हादरा वाढवते हे खरे. पण काळी माती दर उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि भूकंप नसतानाही भिंती तडकवते. भेग दिसली की तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. पुढच्या हादऱ्यानंतर ती खुणेच्या पलीकडे गेली किंवा रुंदावली, तर त्या खोलीत झोपणे बंद करून भिंत अभियंत्याला दाखवावी.