गेटबाहेर नको, फादरांना सांगा!

रविवारची मिस्सा संपली, की साकीनाक्याला चर्चच्या गेटबाहेर तुमची खरी मीटिंग सुरू होते. क्वायरची प्रॅक्टिस नेमकी परीक्षेच्या आठवड्यात. युथ ग्रुप म्हणजे फक्त खुर्च्या उचलायला. मराठी मिस्सा कधी? तक्रारी खऱ्या असतात. फक्त ज्यांनी ऐकायच्या, ते तिथे नसतात.

आपल्या गरजा आणि इच्छा धर्मगुरूंना सांगायला तुम्ही मोकळे आहात, हे कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम २१२ मध्येच लिहिलंय. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये सुरू केलेल्या सिनॉडचा भरही एकमेकांचं ऐकण्यावरच होता.

पण ‘युथसाठी काहीतरी करा’ म्हटलं, तर फादर नेमकं काय करणार? त्यापेक्षा ‘परीक्षेचे दोन आठवडे प्रॅक्टिस रविवारी मिस्सेनंतर ठेवाल का?’ असं विचारा. कारण सांगा. उत्तर कधी मिळेल, तेही विचारून घ्या. एकट्याने जायचा धीर होत नसेल, तर पॅरिश कौन्सिलमधल्या कुणाला तरी सोबत घ्या. कौन्सिल सल्ला देते, निर्णय फादरांचा. त्यामुळे कधी ‘नाही’ही ऐकावं लागेल. पण ‘का नाही’ हे विचारता येतं.

आणि तुमच्याकडून त्यांना काय हवंय, हे कधी विचारलंय? यायला जमणार नसेल, तर शनिवारीच कळवा. रविवारी सकाळी अर्धाच क्वायर उभा राहिला, तर गाणार कोण?